वजनकाट्यापासून लोकसभेपर्यंत

१३ मे २०२४. शेवगावच्या शाळांमध्ये लोकसभेचं मतदान चाललं होतं. बोटाला शाई, पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक बटण, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, आणि माणूस उन्हात बाहेर. पहिल्या लोकसभेची पहिली बैठक भरली ती १३ मे १९५२ ला. बरोबर ७२ वर्षांपूर्वी, त्याच तारखेला. रांगेत हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नव्हतं. घरी येऊन जुनी पुस्तकं चाळताना ते सापडलं आणि वाटलं, आपण त्या सभागृहाच्या दारापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. आत काय चालतं, ते आपल्यापर्यंत पोचतच नाही.

महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी आपली ३७ क्रमांकाची. शेवगाव (त्यातच पाथर्डी आली), राहुरी, पारनेर, नगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार होतो. ती निवडणूक अहमदनगर याच नावाने झाली. जिल्ह्याचं नाव त्यानंतर बदललं. दिल्लीत असे ५४३ जण बसतात. त्यांतल्या ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जमातींसाठी राखीव. कोणत्या राज्याला किती जागा, हे अजूनही १९७१ च्या जनगणनेवरच चालतं.

आता आपल्या कापसाकडे या. हंगामात ट्रॉली खरेदी केंद्रावर उभी राहते, ग्रेडर कापसात हात घालून मॉइश्चरचं मशीन लावतो आणि सगळं घर त्या आकड्याकडे बघत राहतं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, त्याच्या वर हमीभावाने खरेदीच नाही. हा नियम शेवगावात ठरत नाही, मुंबईतही ठरत नाही. हमीभाव कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार जाहीर करतं. खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ मात्र कृषी खात्याचं नाही, वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. म्हणून भावाचा प्रश्न एका मंत्र्याला आणि खरेदी केंद्राचा दुसऱ्याला विचारावा लागतो. इथेच पुष्कळ अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

खासदाराने हा प्रश्न विचारायचा ठरवला, तर पूर्ण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाचा आठवड्यातला वार ठरलेला. नोटिसा जास्त आल्या की सोडत निघते. दिवसाला २० प्रश्न तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे. त्यांची यादी हिरव्या कागदावर छापतात. २३० अतारांकित, पांढऱ्या कागदावर. त्यांना लेखी उत्तर. एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. अकरा ते बारा या तासात वीसही प्रश्न क्वचितच होतात, आणि गोंधळ झाला तर एकही होत नाही.

खरी गंमत पुरवणी प्रश्नांत आहे. छापील उत्तर अधिकारी तयार करून देतात. पण खासदार उभा राहून विचारतो, ‘केंद्र किती दिवस चालू होतं? किती ट्रॉल्या परत गेल्या?’ आणि तिथे मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं. तो ‘बघतो, करतो’ म्हणाला, तर तेही वाऱ्यावर जात नाही. लोकसभेची आश्वासन समिती ते वाक्य उचलून नोंदवते आणि सरकारने ते तीन महिन्यांत पुरं करावं, असा दंडक आहे. संसदेतल्या कामांत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

टीव्हीवर दिसतो तो आरडाओरडा. काम समित्यांत होतं. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या २४ आहेत. प्रत्येकीत २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. १९९३ मध्ये ही पद्धत पूर्णपणे उभी राहिली तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी आपल्या लातूरचे शिवराज पाटील होते. त्या खुर्चीवर मराठी माणसं आणखीही बसली: मनोहर जोशी, चिपळूणच्या लेक आणि इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन, आणि सगळ्यांत आधी गणेश वासुदेव मावळंकर. ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणं मूळचं कोकणातलं, वकिली अहमदाबादेत. अध्यादेशांनी राज्य चालवू नका, असं त्यांनी खुद्द पंडित नेहरूंना लिहून कळवलं होतं. स्वतःच्या पक्षाच्या पंतप्रधानाला असं सांगायला छाती लागते.

अध्यक्षांखालोखालच्या पदाशी आपल्या नगरचाही संबंध आला. रघुनाथ केशव खाडिलकर १९५७ ला नगरमधून लोकसभेत गेले आणि पुढे, दुसऱ्या मतदारसंघातून निवडून येऊन, १९६७ ते ६९ लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. हे पद राज्यघटनेतच नेमून दिलेलं आहे. तरी सतराव्या लोकसभेची पाचही वर्षं उपाध्यक्षाविना गेली. हे बरं झालं नाही. अध्यक्ष नसेल तेव्हा सभागृह ज्याच्या हाती द्यायचं, ते पद रिकामं ठेवणं हा त्या सभागृहाचाच अवमान आहे.

लोकसभेची ताकद पैशात आहे. धन विधेयक इथेच मांडलं जातं. राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावं लागतं. पण अंदाजपत्रकावरच्या चर्चेची वेळ संपली की ‘गिलोटिन’ लावून उरलेल्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेशिवाय एका दमात मंजूर होतात. हजारो कोटी असे जाऊ देणं मला पटत नाही. याच सभागृहात १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं. एका खासदाराचं वजन एवढं असतं.

तेव्हा पुढच्या हंगामात ट्रॉली परत आली, तर रागाच्या भरात घरी जाऊ नका. तारीख, केंद्र आणि मॉइश्चरचा आकडा वहीत लिहा, चार जणांच्या सह्या घ्या आणि तो कागद अधिवेशनाच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. कारण नोटिशीलाच १५ दिवस लागतात.