गाईच्या पोटातली लपाछपी

लपाछपीत सगळ्यात अवघड गडी कोणता, सांग बरं? जो हलत नाही, हसत नाही, शिंकतसुद्धा नाही तो! असाच एक पटाईत गडी गाईच्या पोटात लपून बसतो. त्याचं नाव यकृतकृमी, म्हणजेच लिव्हर फ्लूक. यकृत म्हणजे पोटातलं काळीज!

हा कृमी चपटा असतो. झाडाच्या पानाच्या आकाराचा! इंग्लंड-आयर्लंडच्या ओल्या कुरणांत आढळणारी जात साधारण ३ सेंटिमीटर लांब. आपल्याकडच्या गाई-म्हशींमध्ये मात्र त्याचा थोरला भाऊ सापडतो. तो ७.५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो! पट्टी घेऊन बघ एकदा. एवढं मोठं धूड आत, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही!

तो आत शिरतो कसा? शेणातून त्याची अंडी बाहेर पडतात. पाण्यात अंड्यातून इवलंसं पिल्लू निघतं आणि थेट गोगलगायीत घुसतं. हो, गोगलगायीत! तिथे एकाची शेकडो पिल्लं होतात. मग ती बाहेर पडतात, गवताच्या पात्याला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच बांधून वाट बघत बसतात. गाईनं ते गवत खाल्लं, की झालं!

आतडं पोखरून पिल्लू यकृतात पोहोचतं. तिथे सहा-सात आठवडे बोगदे खणत हिंडतं. बिचारी गाय! ती वाळत जाते, दूध कमी देते, पण काय होतंय हे सांगणार कसं? शेवटी कृमी पित्ताच्या नळ्यांमध्ये मुक्काम ठोकतो.

आता राज्य आलं गुरांच्या डॉक्टरांवर!

जुनी युक्ती म्हणजे शेण तपासायचं. शेण पाण्यात कालवलं की जड अंडी तळाशी बसतात. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची. मोठा कृमी दिवसाला हजारो अंडी घालतो, मग सोपंच की! पण थांब. अंडी घालायला तो मोठा तर व्हायला हवा ना? त्याला लागतात १० ते १२ आठवडे. तोवर शेण बघून काहीच कळत नाही, आणि आत तर बोगद्यांचं काम जोरात चालू!

पण या गड्याला लपताना कुणीतरी पाहिलेलं असतं. ओळख कोणी? गाईच्या रक्तानं! कृमी आत शिरला की गाईचं शरीर प्रतिपिंडं बनवू लागतं. हे तिचे अगदी बारीक रखवालदार. ते फक्त याच कृमीच्या तुकड्यांना घट्ट पकडतात. आणि रक्तात ते दिसू लागतात दोन ते चार आठवड्यांतच! म्हणजे अंडी सापडण्याच्या कितीतरी आधी रक्त बोट दाखवून सांगतं, 'तो बघा, तिकडे लपलाय!'

रक्ताचं हे सांगणं ऐकायचं कसं? त्यासाठी आहे एलायझा नावाची चाचणी. ती १९७१ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये ईव्हा एंग्वाल आणि पेटर पर्लमन यांनी जगापुढे मांडली. प्लॅस्टिकच्या छोट्याशा ताटलीत ९६ खळगे असतात. खळग्यांच्या तळाशी कृमीची प्रथिनं चिकटवलेली असतात. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते त्यात घालायचं. रखवालदार असतील तर ते तळाला घट्ट धरून बसतात. मग खळगा धुवायचा. बाकी सगळं वाहून जातं, हे मात्र सुटत नाहीत! नंतर त्यांनाच चिकटणारं आणि रंग आणणारं रसायन घालायचं. आणि काय गंमत! खळगा रंगीत होतो! जितके रखवालदार जास्त, तितका रंग गडद.

एक अडचण मात्र आहे. औषधानं कृमी मेला तरी रखवालदार कित्येक महिने रक्तात फिरत राहतात. गडी खेळातून बाद झाला, तरी बोट तिकडेच! म्हणून डॉक्टर आधी विचारतात, 'औषध कधी दिलं होतं?'

आणि खरी मजा तर पुढे आहे. हे रखवालदार दुधातही उतरतात! आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये गोठ्यातल्या सगळ्या गाईंचं दूध एका मोठ्या टाकीत जमा होतं. त्यातलं थोडंसं दूध तपासलं, की कळपात कृमी शिरलाय का ते कळतं. एकाही गाईला सुई टोचावी लागत नाही! नेमका कोणत्या गाईच्या पोटात, हे मात्र टाकी सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा एकेकीचं रक्त किंवा शेण तपासायचं.