शंभर मीटर सगळ्यांची, दहा हजार कुणाची?

ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत लागली की अख्खं घर टी.व्ही.पुढे गोळा होतं. गॅसवरचं दूध उतू जायच्या आत शर्यत संपलेलीही असते! थोड्या वेळाने बायकांची दहा हजार मीटरची शर्यत सुरू झाली, की मात्र कुणीतरी हमखास म्हणतं, “अगं, ह्या नुसत्या गोल गोल फिरतायत. बदल तो चॅनल.”

त्यात नवल नाही म्हणा. छोट्या शर्यतीत समजावून सांगावं लागतच नाही. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला ९.५८ सेकंदांत शंभर मीटर पार केले, ते शाळकरी पोरांनासुद्धा पाठ असतं.

पण मैत्रिणींनो, बायकांच्या शर्यतींपुरतं बोलायचं, तर ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही बरं का! लांबची शर्यत कित्येक वर्षं आपल्याला दाखवलीच गेली नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच आठशे मीटर धावल्या. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीच्या लीना राडकेने विश्वविक्रम केला. तरी वर्तमानपत्रांनी त्या दमलेल्या मुलींचीच वर्णनं रंगवली, आणि ‘बायकांना हे झेपायचं नाही’ म्हणून ती शर्यतच बंद झाली. ती परत आली १९६० साली! मधल्या काळात बायकांसाठी सर्वांत लांब शर्यत होती दोनशे मीटरची. १९५२ साली हेलसिंकीला गेलेली आपली मुंबईची मेरी डिसूझा शंभर आणि दोनशे मीटरच धावली. बायकांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट १९८४ मध्ये, आणि दहा हजार मीटर १९८८ मध्ये. जे पाहिलंच नाही, त्याची गोडी लागणार कशी?

आता गंमत पाहा. धावण्यात आपल्या मराठी मुलींनी नाव काढलं ते लांब पल्ल्यातच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिलीच भारतीय स्त्री. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणी टी.व्ही.पुढे होतो, सांगा बघू!

लांबची शर्यत बघायचीही एक रीत आहे. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. साधारण अर्धा तास. कुकर लावून भाजी निवडून होते तेवढ्यात. सुरुवातीला सगळ्या घोळक्याने धावतात. पुढची वारा अंगावर घेते, मागच्या तिच्या आडोशाने दम राखतात. मग मध्येच एखादी वेग वाढवते आणि घोळका लांबत जातो. कोण तुटली, कोण चिकटून राहिली, तेवढं बघत राहा. शेवटच्या फेरीची घंटा होईपर्यंत तुम्हीच खुर्चीच्या कडेला आलेल्या असाल!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथे क्रीडादिनाला मुलींसाठी पन्नास मीटर, शंभर मीटर आणि लिंबू-चमचा, संपलं. पहिल्या पन्नास पावलांत मागे पडलेली मुलगी ‘मला पळताच येत नाही’ असं मनाशी ठरवून मोकळी होते. अहो, प्रत्येक मुलगी वेगाचीच कशी असेल? काही दमाच्या असतात. त्यांचं कसब पन्नास मीटरमध्ये दिसणार तरी कसं?

तेव्हा लेकीला सकाळी मैदानावर घेऊन जा. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. धावताना बोलता येईल इतकाच वेग. हळूहळू अंतर वाढवा. आणि पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर एवढंही विचारा, की यंदा मुलींसाठी लांब पल्ल्याची शर्यत ठेवणार ना? चार आयांनी विचारलं, तर शाळेला उत्तर द्यावंच लागेल.