अक्षरांतून उगवलेली चित्रं

ज्यू धर्मात मूर्तीला मनाई, तेव्हा त्यांच्या पोथ्या चित्रांविना कोरड्याच असणार, असा समज सहज होतो. मध्ययुगीन युरोपातली हिब्रू हस्तलिखितं तो खोटा ठरवतात. मनाई मुख्यतः पूजेच्या प्रतिमेला होती. प्रार्थनागृहात वाचायची तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी अलंकाराविना राहिली, पण बांधीव ग्रंथांवर सोन्याचा वर्ख चढला. हिब्रूत मोठी आणि लहान अक्षरं असा भेद नाही. म्हणून लॅटिन पोथीत पहिलं अक्षर फुलवत, तर इथे बहुधा अख्खा पहिला शब्दच चौकटीत सजे. बायबलच्या समासातल्या पाठविषयक टिपा तर मुंगीएवढ्या अक्षरांत अशा वळवल्या जात, की त्यांतूनच प्राणी, वेली आणि नक्षी उभी राही. लेखणी खाली न ठेवता केलेली चित्रकलाच ही! माणसाचा चेहरा रंगवण्याचा संकोच मुळीच नव्हता असं नाही. दक्षिण जर्मनीतल्या 1300च्या सुमाराच्या एका हगादात, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या पोथीत, ज्यू माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत.

रंगकाम ख्रिस्ती कारागिरांचं, मग ही कला ज्यूंची कशी, असा आक्षेप घेतला जातो. काही पोथ्यांबाबत तो खराही आहे. पण 1476 साली स्पेनमधल्या ला कोरुन्यात मोशे इब्न झबाराने लिहिलेलं ‘केनिकॉट बायबल’ पाहा. त्याचा चित्रकार योसेफ इब्न हय्यीम याने पानभर सही केली आहे, तीही माणसं आणि प्राणी यांच्या आकाराच्या हिब्रू अक्षरांत. सोळाच वर्षांनी, 1492 मध्ये, स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं.