दहा क्विंटलांचा गुणाकार
परसदारची शेती : भाग 7

मागच्या भागात गच्चीवरची माती तयार केली. आज शाळेच्या आवारात जाऊ, पण आधी हिशेब.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. शंभर मुलं जेवत असतील तर रोज पाच किलो भाजी. या वर्गांसाठी कायद्याने शाळेचे किमान दिवस 200. म्हणजे वर्षाला दहा क्विंटल! एका गुंठ्यात भेंडी छान साधली, तरी हंगामाला शंभर-सव्वाशे किलो निघते. 2019मध्ये केंद्र सरकारने शाळांच्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परसबागेच्या उद्घाटनाचे फोटो पुष्कळ दिसतात, हा गुणाकार मात्र फळ्यावर कुणी मांडत नाही. मांडावा. चौथीच्या पोरांना जमेल.

मग बाग कशाला? बटाटे, कांदे बाजारातून येतात, येऊ देत. बाजारातून येईतो जी मान टाकते ती भाजी दारात लावावी: माठ, मेथी, कोथिंबीर. कुंपणाला शेवगा, त्याचा मूठभर कोवळा पाला खिचडीत सहज मुरतो. आणि हात धुण्याच्या नळाचं पाणी वाहून जातं तिथे अळू. त्याला वेगळं पाणी घालावंच लागत नाही.

खरी परीक्षा मे महिन्याची. शाळा आणि पाऊस जूनमध्ये जोडीनेच सुरू होतात, तेव्हा सगळं सोपं असतं. मेमध्ये पोरं मामाच्या गावाला, टाकी कोरडी आणि फाटक उघडं राहिलं की शेळ्यांची मेजवानी. माझं मत विचाराल तर शेवग्यासारखी झाडं सोडून मेमध्ये बाग जगवायच्या खटाटोपात पडूच नये. बी जगवावं.

त्यासाठी वालासारखा वेल नाही. जूनमध्ये टोकला तरी जुना गावठी वाल दिवस लहान होईपर्यंत फुलत नाही. शेंगा थंडीत, भर शाळेत लागतात. शेवटच्या चार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बी राखेत घोळून बाटलीत भरायचं. पाकिटातलं संकरित बी इथे कामाचं नाही, त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावठी वाणांची बियाणं जपली, त्यात वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना त्यासाठी 2020ची पद्मश्री जाहीर झाली.

बाटलीवर वाणाचं नाव, तोडणीचा महिना आणि वर्ग लिहायचा. हे बी राखणारा चौथीचा वर्ग जूनमध्ये पाचवीत गेलेला असतो. त्याने बाटली नव्या चौथीच्या हातात द्यायची.

पुढच्या आठवड्यात : ओल्या फडक्यात बी उगवून कसं पाहायचं.