वीज वाचते, हे ओळखावे कसे?

मोठी कचेरी, बँक, इस्पितळ किंवा दुकानांची उंच इमारत चालविणाऱ्यांपुढे दर महिन्यास एक आकडा येऊन उभा राहतो, तो विजेच्या बिलाचा. आपल्या उष्ण देशात त्यातील मोठा वाटा इमारत थंड राखण्याकडे जातो. हा आकडा खाली आणण्याचे आश्वासन देणारी यंत्रे, काचा, रंग आणि दिवे बाजारात नित्य नवे येत असतात, आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकात बचतीचा टक्का छापलेला असतो. तो टक्का बहुधा प्रयोगशाळेतला; इमारत मात्र उन्हापावसात उभी आणि माणसांनी गजबजलेली. अशा वेळी खरेदीचा निर्णय करणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सहज सुचणारा मार्ग असा की, नवे यंत्र बसवावे आणि गेल्या वर्षीचे बिल यंदाच्या बिलाशी ताडून पाहावे. परंतु हा मार्ग फसवा आहे. यंदाचा उन्हाळा सौम्य गेला असेल, एखादा मजला रिकामा पडला असेल, कामाच्या वेळा बदलल्या असतील. बिल उतरले तरी त्याचे श्रेय यंत्राला द्यावे की पावसाला, हे सांगता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातील सारी शिते एकाच आंचेवर शिजलेली असतात. दोन वर्षे मात्र कधीच एका आंचेवर शिजत नाहीत.

आपला शेतकरी हे जाणून असतो. नवे बियाणे पारखावयाचे झाल्यास तो एकाच वावराचे दोन तुकडे करतो. एकात जुने पेरतो, दुसऱ्यात नवे. जमीन तीच, पाऊस तोच, खत तेच; मग उताऱ्यात पडेल तो फरक बियाण्याचा. नेमकी हीच रीत हैदराबादजवळच्या पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने एका कचेरीच्या इमारतीस लावली. सुमारे अडीच लाख चौरस फुटांची ही इमारत 2011 साली वापरात आली. तिचे दोन सारखे भाग करून एका भागात नेहमीची वातानुकूलन पद्धती, तर दुसऱ्या भागात प्रारणाने गारवा देणारी पद्धती बसविण्यात आली. दोन्ही भागांची यंत्रे वेगळी आणि मोजणीही वेगळी ठेवली.

नेहमीच्या पद्धतीत हवा थंड करून पंख्यांच्या जोराने ती मोठमोठ्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलली जाते. दुसऱ्या पद्धतीत काँक्रीटच्या स्लॅबमध्ये नळ्या पुरून त्यांतून थंड पाणी खेळविले जाते. स्लॅब गार होतो आणि खालच्या माणसांची व वस्तूंची उष्णता प्रारणाने शोषून घेतो. दगडी देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताच वारा नसतानाही गार वाटते, त्याचेही कारण बव्हंशी हेच. यात लाभ असा की, तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून जे काम प्रचंड पंख्यांनी करावयाचे, ते लहान पंपांनी भागते. शिवाय पाणी फारसे थंड करावे लागत नसल्याने शीतक यंत्रावरचा भारही हलका होतो.

पहिल्या वर्षाच्या मोजणीत वातानुकूलनासाठी नेहमीच्या भागात दर चौरस मीटरला 38.7 युनिट वीज लागली, तर प्रारणाच्या भागात 25.7 युनिट. म्हणजे सुमारे एक तृतीयांश बचत झाली. नेहमीच्या पद्धतीचा भागही मुद्दाम निकृष्ट ठेवलेला नव्हता. त्यातही चांगली, काटकसरीची यंत्रे होती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला चीत करून दाखविणे सोपे असते. नव्या पद्धतीच्या उभारणीचा खर्चही जुनीपेक्षा अधिक आला नाही.

मात्र एक शंका रास्त आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसा छतालाही सुटेल काय? हवेतील दमटपणा जास्त असेल तर अवश्य सुटेल. म्हणूनच या भागात ताजी हवा आधी कोरडी करून निराळ्या यंत्रणेने पुरवावी लागते आणि पाणी बेताचेच थंड ठेवावे लागते. हैदराबादचा निकाल गोव्याच्या किंवा कोकणच्या दमट हवेत जसाच्या तसा उतरेल, असे गृहीत धरता येत नाही. तेथील कसोटी तेथेच घ्यावयास हवी.

अशा कसोट्या इतरत्रही होत आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2014 साली जोडखोल्यांची एक चाचणीशाळा उघडली. शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्यांपैकी एकीत जुनी व दुसरीत नवी साधने बसवून त्यांची तुलना तेथे करता येते. त्यांतील एक जोडी तर फिरत्या चौथऱ्यावर आहे, त्यामुळे हव्या त्या दिशेचे ऊन तिच्यावर घेता येते.

सर्वांनाच इमारतीचे दोन भाग करणे शक्य नाही, हे उघड आहे. तरी संस्थेचे विश्वस्त, नगरपालिकेचे सभासद किंवा गृहसंस्थेचे चिटणीस या नात्याने आपणांस तीन प्रश्न विचारता येतील. ही बचत कोणत्या हवेत मोजली? तुलना कशाशी केली? आणि निदान उन्हाळा, पावसाळा व हिवाळा हे तिन्ही ऋतू त्या मोजणीत आले काय? दिवा न पटल्यास बदलता येतो. स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्या मात्र इमारत उभी आहे तोवर तशाच राहतात. म्हणून हे प्रश्न स्लॅब ओतण्यापूर्वी विचारलेले बरे.