हुकुमाची ताबेदार आज्ञावली

संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ नामक कप्प्यात विजेची देयके, लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि एकाच अर्जाच्या अनेक प्रती यांची जी सरमिसळ कालांतराने होते, तिचा बंदोबस्त करण्यासाठी ‘ऑर्गनाइझ’ नावाची, पायथन भाषेत लिहिलेली एक विनामूल्य आज्ञावली उपलब्ध असून तिचा सारा व्यवहार टर्मिनलवर टंकलेल्या हुकुमांनी चालतो. कोणत्या फोल्डरात पाहावे, कोणत्या लक्षणांच्या फायली निवडाव्या आणि त्यांची रवानगी कोठे करावी, हे नियम मात्र आपणच ‘यॅमल’ पद्धतीच्या साध्या मजकूर-फायलीत लिहून द्यावयाचे. लक्षण म्हणजे केवळ नावाचे शेपूट नव्हे. आकारमान, शेवटच्या फेरफाराची तारीख, छायाचित्रात कॅमेऱ्याने नोंदलेला तपशील, इतकेच काय, पीडीएफमधील मजकूरसुद्धा ती तपासते, आणि नावे भिन्न असली तरी आतील ऐवज तंतोतंत एक असलेल्या दुबार प्रती हुडकून काढते.

माझ्या मते तिचे खरे शहाणपण ‘सिम’ या हुकुमात आहे. कारण ‘रन’ म्हणून प्रत्यक्ष अंमलबजावणी करण्यापूर्वी, एकाही फायलीला स्पर्श न करता, काय काय घडेल याची यादी तो सादर करतो. ती यादी वाचकांनी अवश्य वाचावी, आणि नियमांत ‘डिलीट’ऐवजी ‘ट्रॅश’च लिहावे; ‘डिलीट’ने गेलेली फाइल कचरापेटीतही सापडत नाही.