वसईच्या वाडीतली शिंदी

थंडी सोसणारं शोभेचं ताडवर्गीय झाड हवं, तर शिंदीकडे पाहावं. पारा शून्याखाली काही अंश उतरला तरी ती तगते, म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडात ती रस्त्यांच्या शोभेसाठी लावतात. वसई-विरारला गोठवणारी थंडी नाहीच. इथे तिचा खरा गुण म्हणजे उन्हाळ्यातली कोरड आणि थोडी खारट जमीनही ती सोसते.

शिंदीला जागा द्यायची ती वाडीच्या जुन्या मांडणीत. निसर्गाच्या धर्तीवर शेती रचणं, या अर्थाचा ‘पर्माकल्चर’ हा शब्द मॉलिसन आणि होल्मग्रेन यांच्या 1978च्या पुस्तकामुळे जगभर पोचला. वसईच्या वाड्यांत मात्र नारळ, पोफळी, केळी, पानवेल यांची उतरंड आणि पाण्यासाठी बावखल, म्हणजे तळं, ही मांडणी कितीतरी जुनी आहे. बावखलं बुजवली जात आहेत, ही मोठी हानी आहे.

शिंदीला भरपूर ऊन लागतं, म्हणून ती वाडीच्या कडेला, बांधावर लावावी. झावळीच्या बुडाशी तीक्ष्ण काटे असतात. पायवाटेपासून लांबच बरी. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे फळं हवी असतील तर एकाहून अधिक लावावीत. पाण्यावर झुकलेल्या शिंदीवर सुगरण आवडीने घरटी बांधते.

दोन धोके ध्यानात ठेवावेत. गेंड्या भुंगा कुजत्या शेणखतात वाढतो आणि मग माड-शिंदीचा कोंब पोखरतो. खतखड्डा झाडापासून दूर ठेवावा, खत वरचेवर उलथावं, अळ्या दिसल्या की वेचाव्यात. हिरव्या झावळ्या तोडू नयेत. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो.